लेबलं : चार तास

"उद्या दुपारी दोन वाजता मी बोलायला उभा राहीन, आणि दोन वाजून वीस मिनिटांनी कंपनीतल्या एकाही साहेबाला एकही प्रश्न उरलेला नसेल!"

रविवारी संध्याकाळी, ओट्यापाशी भाजी चिरता चिरता त्याने बायकोला हे जाहीर केलं. त्याचं खरं नाव कंपनीत फारसं कुणी घेत नसे. सगळे त्याला जरतर म्हणत. कारण गेले चार महिने तो हातात वही घेऊन एकेका विभागात शिरत होता आणि समोर येईल त्याला विचारत होता, "जर उद्या तुमचं काम बंद पडलं, तर?" लोक सुरुवातीला दचकत, मग चिडत, आणि पुढे पुढे तो जिन्यात दिसला की लिफ्टची वाट बघत उभे राहत.

कंपनी गोंदाची. दप्तरात सांडणाऱ्या छोट्या बाटलीपासून ते बुटांच्या कारखान्यात जाणाऱ्या मोठ्या ड्रमपर्यंत सगळं तिथे तयार होई. या कंपनीत कुठलं काम थांबलं तर ते किती वेळ सोसवेल आणि त्यानंतर काय काय कोसळेल, हे शोधायचं काम जरतरकडे होतं. त्याला बिझनेस इम्पॅक्ट अॅनालिसिस असं भारदस्त नाव होतं. कुणी विचारलं की जरतर ते छाती किंचित पुढे काढून सांगायचा. फारसं कुणी विचारत नसे.

त्याचा अहवाल एकशे अठरा पानांचा झाला होता.

"मग सापडलं काय त्यात?" बायकोने विचारलं. ती एका मोठ्या हॉस्पिटलात अपघात विभागात नर्स होती आणि तासाभरात तिला ड्युटीवर जायचं होतं.

"सांगतो ना! आधी अभ्यासाची पार्श्वभूमी. मग पद्धत. मग अभ्यासाच्या मर्यादा..."

तो मर्यादांपर्यंत पोचला तोवर भाजी चिरून, शिजून, ताटात वाढून गार झाली होती. बायकोने हात धुतले.

"अरे, आमच्याकडे पेशंटचे नातेवाईक दाराबाहेर उभे असतात. त्यांना मी पार्श्वभूमी सांगत बसते का? आधी सांगते, माणूस जिवंत आहे. मग सांगते, हात मोडलाय. कसा मोडला, किती ठिकाणी मोडला, ते नंतर. तेसुद्धा विचारलं तर!"

जरतर पाण्याचा तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला. चार महिन्यांत त्याला कुणी एवढं उपयोगाचं काही सांगितलं नव्हतं.

बायको ड्युटीवर जायला निघेपर्यंत त्याने एकशे अठरा पानांचं एक पान केलं होतं. अहवालात मथळा होता, 'विविध कार्यांच्या संभाव्य खंडिततेची कमाल सहनीय कालमर्यादा'. तो त्याने काढून टाकला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'काम बंद : कशाला किती मुदत'. खाली डावीकडे कामाचं नाव, उजवीकडे आकडा. बास! तळाला एक टीप होती, 'आकडा जितका लहान, तितकं काम जास्त महत्त्वाचं'. ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही कळेल, म्हणून त्याने तीही खोडली.

पहिली ओळ होती, 'लेबलं : ४ तास'. मधे कुठेतरी, 'जाहिरात : २१ दिवस'. आणि सगळ्यात शेवटी, 'वरिष्ठांची कार्यालयं : ४५ दिवस'.

या शेवटच्या ओळीवर त्याची नजर अडखळली. अहवालात ती सत्त्याण्णवाव्या पानावर, बारीक अक्षरात, कंसात होती. तिथे ती कुणाच्या बापाला सापडली नसती. एका पानावर मात्र ती कपाळावरच्या टेंगळासारखी उठून दिसत होती.

"मोठे साहेब आणि बाकीचे प्रमुख पंचेचाळीस दिवस आले नाहीत तरी काम चालतं," त्याने चपला घालणाऱ्या बायकोला सांगितलं. "लिहू का तसं?"

"खरं आहे का?"

"आहे. मागे सगळे मिळून परदेशात गेले होते, तेव्हा उत्पादन थोडं वाढलं होतं."

"मग राहू दे," ती म्हणाली आणि गेली.

सोमवारी सकाळी नऊला जरतरने दुसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरला सहा प्रती काढायचा हुकूम दिला. प्रिंटरमधला कागद संपला होता. तो कागदाचं रीम आणायला तळमजल्यावरच्या कोठीत गेला. तिथे किल्ली नव्हती. किल्लीसाठी तो गेटवर गेला. तो परत येईपर्यंत जाहिरात विभागातल्या एकाने आपल्या कपाटातून चार कागद काढून प्रिंटरला भरवले होते आणि प्रिंटरने इमानदारीत चार प्रती बाहेर टाकल्या होत्या.

जाहिरातवाल्याने पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग चारही प्रती उचलल्या.

"एकवीस दिवस!" तो ओरडला. "एकवीस दिवसांत आपला विभाग बंद!"

जरतर कागदाचं रीम काखेत मारून वर आला, तेव्हा प्रिंटरच्या ट्रेमध्ये एकही प्रत नव्हती. त्याला वाटलं, अजून छापायच्याच आहेत. त्याने रीम भरलं, पुन्हा सहा प्रती काढल्या आणि खुशीत जागेवर जाऊन बसला.

साडेनऊपर्यंत ते पान मोबाइलवरून गेटपर्यंत पोचलं होतं. कंपनीत चार वर्षं अग्निशामक यंत्रं कशी वापरायची याचे फलक लागलेले होते, ते कुणी वाचले नव्हते. हे पान झाडूवाल्या मावशींपासून सगळ्यांनी वाचलं.

पहिला आला जाहिरातवाला. त्याने जरतरच्या टेबलावर दोन्ही हात टेकले.

"हे बघ, आपले संबंध चांगले आहेत. एकवीसचे साठ कर."

"साठ कशाला?" जरतर चकित झाला. ते पान बाहेर फुटलंय हे त्याला माहीतच नव्हतं. त्याला वाटलं, याला कुठून तरी आकडा कळलाय. "साठ केले तर तुमचं काम अगदीच बिनमहत्त्वाचं ठरेल."

"चालेल! बिनमहत्त्वाचं चालेल! पण साठ दिवस मिळू देत!"

असा माणूस जरतरने पाहिला नव्हता. चार महिने हाच माणूस 'आमच्याशिवाय कंपनी एक दिवस चालणार नाही' म्हणत होता. त्याचा विनय पाहून जरतरला भरून आलं. त्याने साठ करायचं कबूल केलं नाही, पण तीसवर आला.

मग खरेदीवाले आले, त्यांचे बारा होते, त्यांना चाळीस हवे होते. मग गाड्यांची व्यवस्था बघणारे आले. दुपारी बारापर्यंत त्याच्या टेबलाला भाजी मंडईची कळा आली होती. प्रत्येकाला आकडा वाढवून हवा होता आणि का, ते कुणी धड सांगत नव्हतं. लोकांना अखेर नम्रता शिकवली आपण, असं जरतरला वाटत राहिलं.

एका व्यक्तीने मात्र आकडा वाढवून मागितला नाही. त्या म्हणजे लेबलवाल्या ताई.

तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत एक जुनं लेबल छापायचं मशीन होतं आणि ते अकरा वर्षं ताई एकट्या चालवत होत्या. प्रत्येक ड्रमवर माल कधीचा, कुठल्या टाकीतला आणि किती धोक्याचा हे सांगणारं लेबल लागे. लेबलाशिवाय ड्रम गेटबाहेर पडू शकत नसे. ड्रम बाहेर पडले नाहीत की अंगण भरे, अंगण भरलं की टाक्या रिकाम्या करता येत नसत, आणि टाकीत चार तास पडून राहिला की गोंद आपला गुणधर्म दाखवायला लागे. म्हणजे मग टाकीतल्या गोंदाचा टाकीच्या मापाचा एकच दगड होई. ताईंना पर्यायी माणूस नव्हता, मशीनला पर्यायी मशीन नव्हतं. जरतरच्या चार महिन्यांच्या खटपटीचं सार हे एवढंच होतं आणि ते सांगायलाच तो दोन वाजता उभा राहणार होता.

ताईंनी साडेनऊला मोबाइलवर वाचलं, 'लेबलं : ४ तास'. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं आणि बोटांवर मोजलं. साडेनऊ आणि चार, दीड.

त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. शिस्तीच्या बाई होत्या. कंपनीने चार तास दिलेत तर चार तास काम करायचं. दीड वाजेपर्यंत त्यांनी लेबलं छापली. मग मशीन पुसलं, त्यावर कापड घातलं, पाण्याची बाटली आणि खुर्चीवरची उशी पिशवीत भरली, किल्ली गेटवर दिली आणि गेटवाल्याला म्हणाल्या, "बराय, भाऊ. सांभाळून राहा."

गेटवाल्याने पानावर स्वतःची ओळ शोधली होती, त्याचे दोन दिवस होते. त्याने किल्ली खुंटीला अडकवली आणि सलाम ठोकला.

दोन वाजता बैठकीच्या खोलीत मोठे साहेब, उत्पादनप्रमुख, वित्तप्रमुख मॅडम आणि आणखी तिघे प्रमुख बसले. जरतर उभा राहिला, त्याने एक दीर्घ श्वास घेतला आणि पान पडद्यावर लावलं.

सहा डोकी एकाच वेळी खालून वर वाचायला लागली.

"पंचेचाळीस दिवस," मोठे साहेब म्हणाले. आवाज शांत होता. "म्हणजे आम्ही दीड महिना आलो नाही तरी चालेल."

"साहेब, वरून वाचावं. पहिली ओळ—"

"वर आम्ही नाहीच आहोत. आम्ही खाली आहोत. झाडांना पाणी घालण्याच्याही खाली."

"झाडांचं काय आहे साहेब, ती वाळतात," जरतर म्हणाला, आणि म्हणाल्याबरोबर त्याच्या लक्षात आलं, की हे वाक्य मनात ठेवायचं होतं.

वित्तप्रमुख मॅडमनी चष्मा काढला. "आणि हे पान सकाळपासून सगळीकडे फिरतंय, ते का? मला आठ जणांनी विचारलं, की आम्हाला नोटीस कधी मिळणार!"

"कसली नोटीस?"

"विभाग बंद करायची!"

जरतरने पडद्याकडे पाहिलं. 'काम बंद : कशाला किती मुदत.' पहिल्यांदाच त्याने ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचलं. जाहिरातवाल्याचा विनय, खरेदीवाल्यांची अजिजी, सगळ्याचा उलगडा एका क्षणात झाला. मग त्याची नजर पहिल्या ओळीवर गेली.

"लेबलं," तो पुटपुटला. "चार तास!"

तेवढ्यात दार उघडलं. माल पाठवणारा मुकादम धापा टाकत आत आला. "साहेब, नऊ ट्रक उभे आहेत, लेबलं नाहीत! ताई दीडलाच गेल्या. अंगणात पाय ठेवायला जागा नाही, आणि टाकीवाले विचारतायत, गोंदाचं काय करू!"

दीड आणि चार, साडेपाच. जरतरने बोटांवर मोजलं.

मोठे साहेब उठले. "काळजी करू नका. एक मशीनच आहे ना? आम्ही बघतो!" आणि आयुष्यात पहिल्यांदा कंपनीचे सगळे प्रमुख एका रांगेत जिन्याखालच्या खोलीकडे निघाले.

जरतरने ताईंना फोन लावला. सात वेळा. कुणी उचलला नाही. आठव्यांदा लावण्याऐवजी त्याने मुकादमाकडून पत्ता घेतला आणि स्कूटरला किक मारली. जाता जाता त्याने जिन्याखाली डोकावलं. उत्पादनप्रमुख मशीनच्या पायाखालचा मळका पुठ्ठा ओढून काढत होते, "किती ही अस्वच्छता!" म्हणत. मशीन घरघरलं आणि त्याने एकापाठोपाठ एक लेबलं ओकायला सुरुवात केली. सगळी उलटी, सगळी एकमेकांना चिकटलेली. वित्तप्रमुख मॅडमच्या कोपरावर 'ज्वलनशील' असं चिकटलं होतं. ते त्यांना दिसत नव्हतं आणि सांगायची कुणाची छाती नव्हती.

ताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत दोन बॅगा भरून ठेवलेल्या, आणि ताई तिसरीची चेन गुडघ्याने दाबून लावत होत्या.

"ताई, फोन का नाही उचलला?"

"ऑफिसचा नंबर होता. आता कशाला उचलू? माझे चार तास झाले." त्यांनी चेन ओढली. "पाचच्या गाडीने लेकीकडे निघालेय. तिचे दिवस भरत आलेत. तीन वेळा रजेचा अर्ज दिला, तीनदा परत आला, 'पर्यायी व्यक्ती नाही' म्हणून. तुमचे आभारच मानायला हवेत. तुमच्या त्या कागदामुळे सुटले एकदाची!"

जरतरने तोंड उघडलं. पार्श्वभूमी त्याच्या जिभेच्या टोकावर आली होती. मागोमाग पद्धतही येत होती. भिंतीवर घड्याळात साडेतीन वाजायला आले होते. त्याने सगळं गिळलं.

"ताई, तुमची नोकरी शाबूत आहे."

"शाबूत?" ताई मटकन बॅगेवर बसल्या. त्यांचा चेहरा पडला. "अरेरे!"

"चार तास म्हणजे, तुमच्याशिवाय कंपनी फक्त चार तास तग धरते. तुम्ही सगळ्यात महत्त्वाच्या आहात. मोठे साहेब सगळ्यात शेवटी आहेत."

ताईंनी डोळे बारीक केले. "हे तुम्ही शोधून काढलंत?"

"चार महिने लागले."

"मला अकरा वर्षांपासून माहीत आहे. मला विचारायचं!" त्या म्हणाल्या. "आणि आकडा लहान असला की माणूस मोठा, हे मी कसं ओळखायचं? एक ओळ लिहायला काय झालं होतं?"

"लिहिली होती," जरतर म्हणाला. "खोडली."

ताई उठल्या आणि त्यांनी बॅग उचलली. "मला लेकीकडे जायचंय. टाकीत गोंद बसू दे नाहीतर गोंदात टाकी!"

थट्टेचा सूर कुठेच नव्हता. लेकीला पहिल्या खेपेला फार त्रास झाला होता, हे त्यांनी न विचारता, दाराकडे बघत सांगितलं. तेव्हाही त्यांना जाता आलं नव्हतं. फोनवर बसून राहिल्या होत्या, एक हात मशीनवर ठेवून.

जरतरने बॅग त्यांच्या हातातून काढून घेतली नाही. त्याने खिशातून फोन काढला. मोठ्या साहेबांचा आवाज लांबून आला, मागे घरघर आणि कुणाचं तरी "ओढू नका, फाटेल!" ऐकू येत होतं.

"साहेब, टाक्या वाचतील. ताईंना दीड महिना रजा, उद्यापासून. हो की नाही?"

तिकडे काहीतरी पडल्याचा आवाज.

"हो!"

एकशे अठरा पानांना जे मिळालं नसतं, ते अकरा शब्दांत मिळालं. जरतरचा स्वतःवरच विश्वास बसेना.

"हो म्हणजे काय?" ताई म्हणाल्या. "लेखी हवं. तारखा घालून."

तारखा आल्या, साहेबांच्या मोबाइलवरून. ताईंनी त्या दोनदा वाचल्या, लेकीला फोन करून सांगितलं, की पाचच्या गाडीने नाही, सकाळच्या पहिल्या गाडीने येते, आणि मग त्या स्कूटरवर मागे बसल्या.

पावणेपाचला ते कंपनीत पोचले तेव्हा ट्रकांची रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. जिन्याखालच्या खोलीत सहा प्रमुख शाळेत छडी खाल्लेल्या मुलांसारखे भिंतीला टेकून उभे होते. ताईंनी मशीनकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"माझा पुठ्ठा कुणी काढला?"

उत्पादनप्रमुखांनी हळूच कचऱ्याच्या डब्याकडे बोट केलं. ताईंनी पुठ्ठा काढला, चार घड्या घालून मशीनच्या डाव्या पायाखाली सारला, आतून तीन चिकटलेली लेबलं चिमट्याने उपटली आणि मशीनच्या कुशीत एक चापट मारली. सुळकन पहिलं लेबल बाहेर आलं. सरळ.

"एवढंच?" मोठे साहेब म्हणाले.

"एवढंच कसं? कुठे मारायची ते कळायला दोन वर्षं लागली मला," ताई म्हणाल्या. "कुणीतरी दोघं इकडे या. उद्या मी नाहीये. हात धुऊन या."

गोंद वाचला. पाचव्या टाकीच्या तळाशी थोडा बसला, तो नंतर छिन्नीने काढावा लागला. संध्याकाळी सात वाजून गेले तरी ताई शिकवत होत्या, आणि त्यांच्या समोर मुकादम आणि जाहिरातवाला कान धरल्यासारखे बसले होते. जाहिरातवाल्याने आपणहून हात वर केला होता. निदान इथला आकडा पक्का आहे, असा त्याचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी अकराला साहेबांनी जरतरला बोलावलं. तो एकच वाक्य पाठ करून गेला होता, 'चूक माझी होती.' पार्श्वभूमी नाही, पद्धत नाही, मर्यादा नाहीत. खोलीत शिरला तर सहाही प्रमुख उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले!

"तीस वर्षांत मी शेकडो सादरीकरणं पाहिली," मोठे साहेब म्हणाले. "पण मुद्दा पटवण्यासाठी कंपनी खरोखर बंद पाडून दाखवणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला! काय ते नियोजन! पान फुटतं काय, बाई बरोबर दीडला उठतात काय!"

"मला पुठ्ठा काढतानाच शंका आली होती, मुद्दाम ठेवलाय म्हणून," उत्पादनप्रमुख म्हणाले.

"आणि त्या ताईंचा अभिनय!" वित्तप्रमुख मॅडम म्हणाल्या. कोपरावरचं लेबल निघालं होतं, पण 'शील' राहिलं होतं.

"साहेब, खरं सांगायचं तर—"

"नम्रता पुरे! दुसरं मशीन आजच मागवलंय. आणि तो पंचेचाळीसचा आकडा बरोबरच आहे. काल आम्ही सहा जण खाली दोन-अडीच तास काम करत होतो. किती लेबलं वाया गेली?"

"दोन रीळं, साहेब," उत्पादनप्रमुख म्हणाले.

"म्हणजे आम्ही वर बसलेलंच बरं," मोठे साहेब समाधानाने म्हणाले. "आता सांग, पुढच्या महिन्यात कशाचं प्रात्यक्षिक? वीज जाण्याचं लोकांना नवल नाही. आगीचं कसं वाटतं?"

जरतरने कपाळाला हात लावला. साहेबांनी तो होकार धरला.

तो जागेवर येऊन बसतो न बसतो तोच निमंत्रण आलं. विषय : आग. वेळ : सकाळी अकरा ते अकरा वीस. सर्व प्रमुखांनी वेळेवर यावे. खाली साहेबांच्या सचिवांनी स्वतःहून एक ओळ जोडली होती, 'चहा आगीच्या आधी ठेवायचा की नंतर, ते कृपया कळवावे.'

जरतरने बराच वेळ विचार केला. मग कळवलं, 'आधी.'